निकाल यंत्राचा, पण कारणे कुणाची?

जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आपल्या जिल्हा न्यायालयांना बजावले की निकाल ठरवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची नाही. मंडळातील काहींना हे जुनाट वाटले. आम्हाला ते योग्य वाटते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी न घडलेले खटले कोर्टापुढे दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

पण संगणकाचा कायद्याशी संबंध यापेक्षा जुना आहे, आणि वेगळ्या जातीचा. १९८६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील मारेक सर्गॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग या भाषेत नियमांच्या रूपात मांडून दाखवला. मूल ब्रिटनमध्ये जन्मले, त्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक वा तेथे स्थायिक होते, तर मूल नागरिक. हा प्रोग्राम उत्तर देई आणि कोणत्या कलमावरून दिले तेही सांगे. आम्ही बँकेत कर्जाच्या प्रस्तावांवर शेरे लिहीत आलो. नुसते 'नामंजूर' लिहून कधी भागले नाही, ऑडिटर कारण विचारणारच. चॅटबॉटही विचारल्यास कारण सांगतो, पण उत्तर त्याच कारणाने आले याची हमी नाही.

खरी गंमत त्याच कायद्यातील टाकून दिलेल्या अर्भकाच्या कलमात आहे. उलट सिद्ध होत नाही तोवर ते नागरिकच मानायचे. उद्या आईवडील सापडले आणि ते परदेशी प्रवासी निघाले, तर निष्कर्ष मागे घ्यावा लागेल. गणितात सिद्ध झालेले मागे घेता येत नाही. कोर्टात रोज घेतात. फान मिन्ह डुंग यांनी १९९५ मध्ये यासाठी युक्तिवादाची चौकट मांडली : कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्यावर हल्ला करतो ते आधी नोंदवा. हल्ला करणारा मुद्दाच पाडला गेला, तर मूळ मुद्दा पुन्हा उभा राहतो. वकिलांची उलटतपासणी याहून फार वेगळी नसते.

अडते कुठे? नागरिकत्वाच्या अर्जदाराचे 'चारित्र्य चांगले' हवे, असे तोच कायदा म्हणतो. ते कोणता प्रोग्राम ठरवणार? शिवाय कलमाचा नियम करताना अर्थ लावणाराही माणूसच असतो.

म्हणून आमचे मत असे की दाव्याची मुदत, कोर्ट फी, व्याजाचा हिशेब ही कामे कारणांसह उत्तर देणाऱ्या प्रोग्रामकडे खुशाल द्यावीत. मुलाचा ताबा कुणाकडे, हे मात्र न्यायाधीशांनीच समोर बसून ऐकावे.