वाट दाखविणारी

हिमालयाच्या पायवाटांवर स्त्री पूर्वीपासूनच आहे. कपाळाला पट्टा लावून गवताचे व जळणाचे भारे वाहणारी, चढावरच्या चहाच्या घरात चूल पेटती ठेवणारी, दमून आलेल्या पाहुण्यांना डाळभात वाढणारी ती तीच. एका जागी मात्र ती दिसत नसे, आणि ती जागा म्हणजे सर्वांच्या पुढची. वाट कोणती धरावयाची, मुक्काम कोठे टाकावयाचा, आज पुढे जावयाचे की मागे फिरावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार पुरुषाकडे होता. नेपाळमधील काही स्त्रियांनी गेल्या तीन दशकांत ही पुढची जागा मिळविली. त्यांची वाटचाल यंदा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नेपाळचे दार परदेशी प्रवाशांना खऱ्या अर्थाने उघडले ते १९५० नंतर. १९६४ मध्ये जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काठमांडूत ट्रेकिंगचा व्यवसाय सुरू केला आणि डोंगर चालणे हे उपजीविकेचे साधन झाले. या व्यवसायातील गाईड आणि भारवाहक बहुतेक पुरुषच असत. २२ एप्रिल १९९३ रोजी पासांग ल्हामू शेर्पा एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या नेपाळी स्त्री ठरल्या. उतरताना त्यांचा मृत्यू झाला. स्त्री शिखर गाठू शकते, हे त्यांनी प्राण देऊन दाखविले. तथापि शिखर हे आयुष्यातील एक दिवस असते. रोजची भाकर मिळवून देणाऱ्या व्यवसायात स्त्रीला जागा मिळणे हा प्रश्न निराळा होता आणि तो शिल्लकच राहिला.

त्याचे एक उत्तर पोखरा येथे सापडले. लकी, डिकी व निकी छेत्री या तीन बहिणी तेथे उपाहारगृह व प्रवाशांसाठी निवास चालवीत. एकट्याने डोंगरात गेलेल्या परदेशी स्त्रिया परत येऊन आपल्या पुरुष गाईडांच्या वर्तनाविषयी तक्रारी सांगत. त्या तक्रारी ऐकून बहिणी हळहळत बसल्या नाहीत. १९९४ मध्ये त्यांनी स्त्री गाईड देणारी ट्रेकिंग संस्था उभी केली आणि १९९९ मध्ये ग्रामीण व गरीब घरांतील स्त्रियांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापिली. तेथे इंग्रजी संभाषण, प्रथमोपचार, वनस्पती व पक्षी यांची ओळख, स्थानिक संस्कृती आणि नेतृत्व हे विषय शिकविले जातात. पुढे अनुभवी गाईडच्या हाताखाली प्रत्यक्ष वाटेवर उमेदवारी करावी लागते.

या शिक्षणाचा गाभा आम्हांस एका गोष्टीत दिसतो. अन्नपूर्णेच्या वाटेवर थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटर उंचीवर आहे. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा आजार जडू शकतो. म्हणून तीन हजारांच्या पुढे मुक्कामाची उंची रोज सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि मधूनमधून विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा दंडक आहे. डोकेदुखी, ओकारी, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसताच खाली उतरविणे हाच उपाय. ज्याने पैसे मोजले, ज्याची सुट्टी संपत आली, असा पाहुणा हट्ट धरतो. अशा वेळी खेड्यातून आलेली, कालपर्यंत घरात वर मान करून न बोललेली मुलगी त्याला सांगते, ‘आता पुढे जावयाचे नाही.’ आणि त्याला ते ऐकावे लागते. आमच्या मते खरे परिवर्तन ते हेच.

ही वाट सोपी मात्र नव्हे. परक्या पुरुषांबरोबर रानात राहणारी मुलगी, असा बोल घरीदारी लागतो. मासिक पाळीचा विटाळ पाळणाऱ्या समाजातून बाहेर पडून तिला महिन्याचे सर्व दिवस चालावयाचे असते. पाळीत स्त्रीला गोठ्यात वा झोपडीत राहावयास लावण्याच्या प्रथेविरुद्ध शिक्षेचा कायदा नेपाळात २०१८ मध्ये अमलात आला. रूढी कायद्याच्या मागून हळूहळू सरते. काम वसंत आणि शरद या दोनच हंगामांत मिळते. २०२० च्या महामारीत तर वाटाच ओस पडल्या. लग्नानंतर व बाळंतपणानंतर पुन्हा वाटेवर येणे घरच्यांच्या साथीवाचून अवघड. एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना परवानाधारक गाईड घेण्याचा नियम झाला, त्यामुळे मागणी वाढेल. परंतु त्यातील वाटा स्त्रीला आपोआप मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आमचे अनेक वाचक लुंबिनीच्या दर्शनास जातात व तेथून उत्तरेस पोखऱ्याकडे वळतात. त्यांना आमची विनंती आहे. डोंगरात जाणार असाल तर स्त्री गाईड मागा. तिला रास्त मजुरी आणि विमा आहे का, भारवाहकाच्या पाठीवर किती ओझे आहे, हे स्पष्ट विचारा. ती स्त्री आहे म्हणून मजुरी कमी करू नका. दया तर मुळीच दाखवू नका. तिने ‘मागे फिरा’ म्हटले, तर निमूटपणे मागे फिरा.

आणि परतल्यावर आपल्या घरातील मुलींकडेही पाहावे. त्यांना शिक्षण आपण दिले, परदेशही दाखविला. वाट ठरविण्याचा अधिकार दिला काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

— संपादक मंडळ