दोष हाताचा नव्हे

वाढदिवसाच्या संध्याकाळी ओव्हनमधून केक बाहेर येतो, काही क्षण डौलाने उभा राहतो आणि पाहता पाहता मधोमध खचतो. "हिचा हात काही केकला लागत नाही," असे कोणीतरी सहज म्हणून जाते. निगुतीने पुरणपोळी करणाऱ्या गृहिणीला ते वाक्य फार लागते. बहुधा त्यानंतर केकचे भांडे माळ्यावर जाते.

वस्तुतः या अपयशात हातगुणाचा वाटा अल्प आणि मोजमापाचा मोठा असतो. मराठी स्वयंपाकघरात अंदाजाला मान आहे व तो रास्तच आहे; आमटी उकळत असताना चव पाहून मीठ वाढवता येते. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की दुरुस्तीची सोय उरत नाही. २४० मिलिलिटरच्या कपात मैदा चमच्याने हलकेच भरला तर तो सुमारे १२० ग्रॅम भरतो. दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढा मैदा वाढल्यावर केक कोरडा आणि गच्च होणारच. सुबक साच्यांपूर्वी घरात लहानसा वजनकाटा यावा.

केक फुगला नाही म्हणून पुढील वेळी बेकिंग पावडर वाढवली जाते, हा तर सर्वांत फसवा उपाय. वायू प्रमाणाबाहेर वाढला की मैद्याची व अंड्याची जाळी घट्ट होण्यापूर्वीच बुडबुडे फुटतात आणि केक अधिकच खचतो. त्यापेक्षा पावडर जुनी झाली आहे का, ते पाहावे. गरम पाण्यात ती जोराने फसफसली नाही तर टाकून द्यावी. सोड्याला मात्र दही, लिंबू किंवा व्हिनेगरची आंबट जोड लागते. नाहीतर साबणासारखी चव येते. सिमल्यासारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने वायू अधिक प्रसरण पावतो; तेथे पावडर थोडी कमीच घालावी.

उष्णतेच्या बाबतीत घरगुती ओव्हनच्या बटणावरील आकडा पासबुकातील नोंदीइतका विश्वसनीय नसतो. १८० अंशांवर बटण असताना आत २०० अंशही असू शकतात. मग वरचा थर लवकर कडक होतो, आतील मिश्रण त्याला फोडून वर येते आणि माथ्यावर भेग पडते. आत ठेवण्याचा तापमापक त्यामुळे चैनीची वस्तू ठरत नाही. उत्सुकतेने वारंवार दार उघडणाऱ्या मंडळींना आवरणे हे त्याहून कठीण काम! कुकरमध्ये केक करताना रिंग व शिटी काढावी आणि पाणी घालू नये. मध्यभागी टोचलेली सुई कोरडी निघेपर्यंत घाई करू नये.

बिघडलेला केक मुले आवडीने खातात, त्यामुळे त्याची नोंद कोणी ठेवत नाही. मैद्याचे वजन, तापमान व वेळ वहीत लिहावी आणि पुढील खेपेस यांपैकी एकच गोष्ट बदलून पाहावी.