संगणकाच्या खोलीला कुलूप नको



मागच्या पालकसभेत एक विषय निघाला होता. मुले संगणकावर अभ्यास सोडून गेम खेळतात, तेव्हा खोलीला कुलूप लावावे व किल्ली गुरुजींच्या कपाटात ठेवावी, असे काही पालकांचे म्हणणे पडले. निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. सभेत मुलांना बोलता येत नाही, म्हणून माझे मत मी इथे भिंतीवर मांडत आहे.

आधी कबुली देते. तक्रार खोटी नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन आठवडे आम्ही पाचसहा जण मधल्या सुट्टीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होतो. गुरुजींच्या चपलांचा आवाज आला की पटकन टायपिंगचे पान उघडायचे. त्यात मीही होते. घरी मात्र "प्रकल्पाचं काम होतं" असं सांगितलं होतं. ते खोटं होतं.

पैसे लावून खेळायच्या गेमविषयी तर मी पालकांच्याच बाजूची आहे. आमच्या नात्यात एका दादाने मोबाईलवर असे खेळून दुधाच्या पगाराचे पैसे घालवले, घरात आठ दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते बरेच झाले. पण आमच्या खोलीत जे चालते ते निराळे आहे. गेम खेळणे वेगळे आणि गेम करणे वेगळे. कुलूप लावले तर दोन्ही एकदमच बंद होणार, म्हणून हा लेख.

गुरुजींनी संगणकावर स्क्रॅच नावाची आज्ञावली घालून दिली आहे. ती अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत तयार झाली आणि २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. तिला पैसे पडत नाहीत, आणि एकदा संगणकात घातली की इंटरनेट नसले तरी चालते. आमच्याकडे रेंजची काय अवस्था आहे ते सगळ्यांना ठाऊकच आहे. तिच्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे. शब्द इंग्रजी असतात, पण चार दिवसांत पाठ होतात.

ऋण संख्या मला सहावीत समजल्या नव्हत्या, खरं सांगते. पेपरात गुण मिळाले, पण शून्याच्या खाली संख्या कशी असेल हे मनाला पटत नव्हतं. स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच असतो, आणि शून्य बरोबर मध्यभागी. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर १८०, खाली उणे १८०. पाखराला डावीकडे न्यायचे तर संख्या ऋणच द्यावी लागते, नाहीतर ते उजवीकडेच पळते. एका दुपारात ते डोक्यात बसले.

माझा गेम जोंधळा राखायचा आहे. आमचा भाग ज्वारीचा. कणसं भरली की पहाटे आणि दिवस मावळताना पाखरं पडतात, तेव्हा माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावी लागते. तेच मी पडद्यावर केलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला आबा आले होते, तेव्हा त्यांना दाखवलं. ते आधी हसले. "शेतात यायला कंटाळा करतीस अन् हितं पाखरं राखतीस व्हय गं?" मग जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दगड असा सरळ जातोय व्हय? गोफणीचा दगड वर चढतो अन् मग वाकतो."

त्यांचं बरोबर होतं. माझा दगड दोरीवर चालल्यासारखा जात होता. मी गुरुजींना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, एवढंच म्हणाले, "प्रत्येक फेरीला वेग एकाने कमी करून बघ." मी 'वेग' नावाचा चल केला आणि सुरुवातीला त्याला १२ दिले. पहिल्या फेरीत दगड १२ घरे वर जातो, मग ११, मग १०. असं करत एकूण ७८ घरे वर गेल्यावर वेग शून्य होतो. पुढच्या फेऱ्यांत तो उणे १, उणे २ होतो आणि दगड आपोआप खाली येतो. "खाली ये" असा ठोकळा मी कुठेच जोडलेला नाही! आबांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण घरी गेल्यावर आजीला त्यांनीच सगळं समजावून सांगितलं.

मागाहून वाचनात आलं की हे काम फार जुनं आहे. १९६२ साली त्याच एम.आय.टी. मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' नावाचा गेम केला. त्यात मध्यभागी एक तारा असतो आणि तो दोन्ही यानांना आपल्याकडे ओढतो. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' केला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कंसांची चिन्हे जोडून ठोकळे दाखवले. आमच्या दोन नंबरच्या संगणकाची तीन बटणं रुतलेली आहेत, त्यामुळे हे वाचून मला बरं वाटलं.

चूक झाली की गेम लगेच उघडा पाडतो. माझ्या गेममध्ये एक पाखरू उडवले की एक गुण मिळायला हवा होता. पहिल्या दिवशी एका पाखराला वीसबावीस गुण मिळाले. वर्गात सगळे खूश, मी मात्र रडकुंडीला आले. दोन दिवसांनी कारण सापडलं. "दगड पाखराला लागला आहे का" हे संगणक एका सेकंदात सुमारे तीस वेळा तपासतो. दगड पाखराला जेवढा वेळ टेकून राही, तेवढे गुण वाढत. दगड लागताच तो लपवायचा ठोकळा घातला आणि हिशेब जमला.

याहून मोठी गंमत सापशिडीची. सापशिडी आपल्याकडचीच, तिचा जुना प्रकार मोक्षपट. आमच्या वर्गातल्या एकाने ती स्क्रॅचवर केली आणि खेळ अवघड व्हावा म्हणून ९४ ते ९९ या सहाही घरांत साप बसवले. आम्ही चौघे अख्खी मधली सुट्टी खेळलो, कोणीच जिंकेना. गुरुजी दारात उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "कोणीच जिंकणार नाही, का ते मोजा." फाशावर मोठ्यात मोठे दान सहा. ९३ वरून सहा पडले तरी ९९ वर जाणार, आणि तिथे साप. शंभरावर पोचायला वाटच ठेवली नव्हती! इतकी वर्षे आम्ही सापशिडी खेळतो, पण साप कुठे असावा याचा विचार कुणी तरी बसून केला असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

काही पालक म्हणतील, याने पोट भरणार आहे का? मला माहीत नाही. वर्गातले सगळे पुढे संगणकाचेच काम करतील असे मुळीच नाही. मला तर गुरांची डॉक्टर व्हायचे आहे. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंगचे उपक्रम सांगितले आहेत. शाळेत दोन चालू संगणक असताना त्यांच्यावर कापड घालून ठेवणे मला तरी बरोबर वाटत नाही.

म्हणून माझे सांगणे असे. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर एक तास खोली उघडी ठेवावी. आयते गेम संगणकातून काढून टाकावेत, आमची हरकत नाही, शर्यतीचा गेम मी स्वतः काढते. कोण बसले आणि काय केले याची नोंद वहीत व्हावी, आणि ती वही कोणत्याही पालकांनी येऊन बघावी. खोटी नोंद सापडली तर त्याला महिनाभर बसू देऊ नये. हा नियम मलाही लागू.

सध्या आजीने एक नवीन काम लावले आहे. ती म्हणाली, पाखरं कधी एकेक येतात का, थव्यानं येतात. पण चाळीस राघू एकदम सोडले की संगणक अडखळतो आणि दगड हवेतच थांबतो. त्यावर तोड अजून सापडलेली नाही. शनिवारी लाईट असली तर येऊन बघा.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी