बोल्टचा माग लागतो, बोटाचा का लागत नाही?

कंत्राटी कामगाराचा विषय निघाला की पुण्याजवळ निगडीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "काहीच नसण्यापेक्षा हे बरे." ठेकेदार ते म्हणतो, कारखानदार म्हणतो आणि पुष्कळदा कामगारही म्हणतो. लातूर-धाराशिवकडचा, यवतमाळचा, नाहीतर बिहारमधल्या एखाद्या गावचा पोरगा. घरी दीड-दोन एकर कोरडवाहू, पदरी आयटीआय किंवा बारावी. इथे आला, दिवस भरले, महिन्याला काहीतरी हातात पडले, घरी पैसे गेले. नियम कडक केले तर हेही जाईल, उद्योग गुजरातेत किंवा तमिळनाडूत जातील आणि पोरगा पुन्हा पारावर बसेल, असा हा पूर्वपक्ष आहे. पॉल क्रुगमन यांच्यासारख्या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञानेही 1997 साली स्वस्त मजुरीची अशीच तरफदारी केली होती: गरीब देशांतले हे रोजगार वाईट असतील, पण त्या माणसांपुढचे बाकीचे पर्याय त्याहून वाईट आहेत.

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. या पट्ट्याने लाखो घरांची चूल पेटती ठेवली, हे मला मान्य आहे. कारखाने नकोत असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मात्र या युक्तिवादात तुलनाच चुकीच्या दोन गोष्टींची केली आहे. एका पारड्यात नोकरी आणि दुसऱ्यात बेकारी, असे मांडले की वाद आपोआप जिंकता येतो. प्रत्यक्षात निवड असते ती गार्ड बसवलेला प्रेस आणि गार्ड काढलेला प्रेस यांमध्ये. दोन्हींवर माणूस लागतोच. दोन्हींतून तोच पत्र्याचा तुकडा बाहेर पडतो.

पॉवर प्रेसचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याची पट्टी हाताने डायखाली सरकवायची, पायाने पेडल दाबायचे, वरून रॅम आदळतो, तुकडा काढून घ्यायचा, पट्टी पुढे सरकवायची. तासाला शेकडो वेळा हेच. हात डायखाली असताना पाय चुकून पेडलवर पडला किंवा प्रेसने आपोआप दुसरा ठोका दिला, तर बोटे गेली. यावर उपाय जुने आणि साधे आहेत. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येऊ नये अशी सोय असते. समोर हात आला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. लोखंडी जाळीचा गार्ड तर कुठल्याही वर्कशॉपमध्ये बनतो. तरीही बोटे जातात, कारण टार्गेट गाठायचे म्हणून एक बटण टेप लावून कायमचे दाबून ठेवलेले असते, गार्ड 'अडचण होते' म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो आणि सेन्सर बिघडून महिने उलटलेले असतात. मशीनवर असतो तो हेल्पर म्हणून लागलेला पोरगा. ऑपरेटरचे काम त्याला दोन दिवस बघून-बघून आलेले असते.

गेलेल्या बोटाचा दर कायद्याच्या परिशिष्टात छापलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असे धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधले बोट गेले तर 12, अनामिका किंवा करंगळी गेली तर 7 टक्के. महिना पंधरा हजार रुपये मिळवणाऱ्याची तर्जनी गेली, तर राज्य कामगार विम्यातून, म्हणजे ईएसआयमधून, त्याला रोजचे साधारण 63 रुपये, महिन्याचे एकोणीसशेच्या आसपास, जन्मभर मिळतात. रक्कम मोठी नाही, पण आधार आहे. आणि त्यासाठी मालकाला भरावे लागतात ते पगाराच्या सव्वातीन टक्के. पंधरा हजारांवर पाचशे रुपयेसुद्धा होत नाहीत. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो. कामाच्या पहिल्या दिवसापासून कामगाराचे नाव ईएसआयमध्ये लागले पाहिजे, असा नियम आहे.

वाहनउद्योगातल्या अपघातांवर काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून आपले अहवाल काढते आहे. आधी हरयाणाच्या पट्ट्यात आणि नंतर आपल्या पुणे परिसरातही तिने जखमी कामगारांच्या नोंदी केल्या. त्यांतून पुन्हा पुन्हा तेच निघते: बोटे तुटण्याचे सर्वांत मोठे ठिकाण पॉवर प्रेस, जखमी झालेले बहुतेक बाहेरून आलेले आणि कंत्राटी, आणि निम्म्याहून अधिक जणांचे ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यानंतर निघालेले. म्हणजे पोराला आधी खासगी दवाखान्यात नेतात, इकडे घाईघाईने ऑनलाइन नाव चढवतात आणि मग त्याला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात पाठवतात. ज्याचे नाव तेव्हाही चढत नाही, त्याला दहा-वीस हजार हातावर ठेवून गावी धाडले जाते. महिना पाचशे रुपये वाचवण्यासाठी केलेला हा व्यवहार 'काहीच नसण्यापेक्षा बरा' कुणाला, हे उघड आहे.

इथे लहान कारखानदार म्हणतो, "साहेब, मी तरी काय करू? कंपनी दरवर्षी कॉस्ट-डाउन, म्हणजे दरकपात, मागते, बिल नव्वद-शंभर दिवस अडकते, बँकेचे व्याज चालू असते." त्याचे हे गाऱ्हाणे खरे आहे. भोसरीतल्या किंवा तळवड्यातल्या पाच-सात प्रेसच्या शेडमध्ये मालक स्वतः कामगारांबरोबर उभा असतो, त्याला खलनायक ठरवून प्रश्न सुटणार नाही. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असे 2006 चा कायदा सांगतो. आता आयकराच्या तरतुदीनेही त्याला थोडे दात आले आहेत. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तक्रार करणार कोण? दराची ओढाताण वरून सुरू होते, मधल्या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी खाली ढकलली जाते आणि शेवटी जिच्याखाली ढकलायला कुणी उरत नाही, त्या डायपाशी येऊन थांबते.

म्हणूनच माझा मुख्य आक्षेप वरच्या टोकाला आहे. गाडीच्या ब्रेकमधला एक बोल्ट सदोष निघाला, तर मोठी कंपनी त्याचा माग काढते: कोणता वेंडर, कोणता लॉट, कोणती तारीख, कोणती शिफ्ट, कोणते मशीन. वेंडरच्या शेडमध्ये तिची माणसे ऑडिटला येतात, मायक्रोमीटर लावतात, दहा लाखांत किती तुकडे नापास झाले याचा तक्ता भिंतीवर लावायला लावतात. त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला बोट तुटले, तर मात्र कंपनी सांगते की तो आमचा कामगार नाही, वेंडरचा आहे. वेंडर म्हणतो ठेकेदाराचा. ठेकेदाराचा फोन बंद असतो. तुकड्याच्या दर्जाची जबाबदारी चार पायऱ्या खाली नेता येते आणि माणसाच्या हाताची नेता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. नेता येते, पण न नेण्यात पैसे वाचतात.

कंत्राटी पद्धतीचा खरा उपयोग हाच झाला आहे. काम वाढले की माणसे घ्यायची आणि घटले की कमी करायची, एवढाच तिचा हेतू असता तर ती हंगामी कामांपुरती राहिली असती. आज कायमच्या लाइनवर, कायमच्या मशीनवर, वर्षानुवर्षे कंत्राटी माणूस उभा असतो. सहा-सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळतो आणि तो दुसऱ्या गेटवर त्याच कामाला लागतो. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार 2000 च्या सुमारास देशातल्या कारखान्यांत पाचांतला एक कामगार कंत्राटी होता, आता पाचांतले दोन आहेत. मध्यंतरी 'नीम' नावाच्या योजनेखाली तेच काम करणाऱ्या पोरांना शिकाऊ म्हटले गेले, म्हणजे पीएफही नाही आणि ईएसआयही नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली पंजाबच्या सरकारी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात ठामपणे मांडले. चाकणच्या लाइनवर ते अजून पोचलेले नाही.

आता उद्योग पळून जाण्याच्या भीतीकडे येऊ. ही भीती आजची नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांनिशी मागण्या पुढे केल्या. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, जन्माचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. तेव्हाही गिरणीमालक आणि त्यांची बाजू घेणारी वृत्तपत्रे सांगत होती की असले कायदे म्हणजे मँचेस्टरचा डाव आहे, यांनी देशी धंदा बुडेल. 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली आणि गिरण्या त्यानंतर कित्येक दशके वाढतच गेल्या.

अगदी अलीकडचा दाखला बांगलादेशाचा घ्या. 24 एप्रिल 2013 रोजी कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला, आणि तो नुसत्या सदिच्छेचा नव्हता, कायद्याने बंधनकारक होता. हजाराच्या वर कारखान्यांची तपासणी झाली, जे सुधारले नाहीत त्यांच्या ऑर्डरी बंद झाल्या. तिथला पगार आजही तुटपुंजा आहे, हे खरे. पण कपड्यांची निर्यात पुढच्या दहा वर्षांत दुपटीच्या आसपास गेली. ग्राहक कंपनीने बांधून घेतले की सुरक्षा परवडते, हे तेव्हा आपल्याहून गरीब असलेल्या देशात सिद्ध झाले आहे.

आणि आपल्या तळेगावचे काय? वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प 2022 साली तिथून गुजरातेत गेला, तेव्हाच्या सगळ्या वादात सवलती, जमीन, वीज आणि राजकारण यांवर बोलणे झाले. प्रेसला गार्ड लावायला सांगितले म्हणून प्रकल्प गेला, असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. बजाजच्या चाकण कारखान्यात 2013 साली पन्नास दिवसांच्या आसपास संप चालला, तरी तो कारखाना आजही चाकणलाच आहे. जनरल मोटर्सने तळेगाव सोडले, तर तीच जागा ह्युंदाईने घेतली. उद्योग इथे टिकतात ते पुरवठादारांचे जाळे, कसलेले हात, बंदराकडे जाणारा रस्ता यांच्या बळावर. उद्योजकांना इथे खरोखर छळतात ते ठेके आणि भंगार यांसाठी दमदाटी करणारे लोक. तो छळ मोडलाच पाहिजे. पण ते पोलिसांचे काम आहे, त्याची शिक्षा हेल्परला कशासाठी? उलट, जिथे प्रामाणिक युनियन उभी राहू दिली जात नाही, तिथेच असल्या दादांचे फावते.

आता पुन्हा त्या सुरुवातीच्या वाक्याकडे. तळवडे निगडीला लागूनच आहे. 8 डिसेंबर 2023 रोजी तिथल्या एका शेडमध्ये आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तिथे बनत होत्या. परवाना नव्हता. आत रोजंदारीवर काम करणाऱ्या, आसपासच्या वस्त्यांतल्या बायका होत्या. सहा जणी त्याच दिवशी गेल्या, आणि भाजलेल्यांपैकी कितीतरी जणी पुढच्या दिवसांत एकेक करून गेल्या. त्या शेडमध्ये काम मिळणे हेसुद्धा 'काहीच नसण्यापेक्षा बरे' होते. तो युक्तिवाद एकदा मान्य केला की त्याला तळच उरत नाही, कारण प्रत्येक वाईट कामाच्या खाली आणखी वाईट काम दाखवता येते.

अशा वेळी राज्य सरकारने काय केले? सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 केली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असा दिलासाही दिला. ज्याचा गेटपास दर महिन्याला ठेकेदाराच्या मर्जीवर नव्याने निघतो, तो संमती नाकारू शकतो असे समजणे ही शुद्ध फसवणूक आहे. बाराव्या तासाला प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाचा हात किती सावध असेल?

मग चांगल्या नोकरीने काय होते, हे पाहायला दूर जायला नको. निगडी प्राधिकरणातून एक फेरी मारा. 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने पाडलेल्या प्लॉटांवर टेल्को, बजाज, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधल्या परमनंट कामगारांनी पै-पै करून घरे बांधली. ती माणसेही खेड्यातूनच आली होती, त्यांच्याकडेही आयटीआयपलीकडे फारसे काही नव्हते. त्यांना कायम नोकरी, पीएफ, कँटीन, दवाखाना मिळाला, युनियन मिळाली. त्यांच्या मुली इंजिनिअर-डॉक्टर झाल्या, दुकाने चालली, शाळा निघाल्या. त्या पगारांवर हे शहर उभे राहिले. तो काळ परवाना-राजचा होता, स्पर्धा नव्हती, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण आजच्या कारखान्यात एक माणूस त्या वेळच्या कितीतरी पट माल काढतो, आणि कारखान्यात निर्माण होणाऱ्या मूल्यातला मजुरीचा वाटा 1980 च्या दशकाच्या तुलनेत निम्म्यावर आला आहे. आज त्याच बंगल्यांच्या गच्चीवरच्या खोल्यांत चार-पाच कंत्राटी पोरे शिफ्ट बदलून एकाच गादीवर झोपतात. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कामगाराने जे कमावले, ते वरच्या पोराला सात जन्मांत शक्य नाही, आणि दोघांच्या हातचे काम जवळपास तेच आहे.

करायचे काय, हे फार अवघड नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितांची अंमलबजावणी कशी होते ते दिसेलच, त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवड-चाकणमध्ये वाहने बनवणाऱ्या पाच-सात मोठ्या कंपन्यांनी आपल्या खरेदी करारात एवढेच लिहावे: ज्या शेडमध्ये आमचा तुकडा बनतो, तिथे प्रत्येक प्रेसला गार्ड चालू हवा, प्रत्येक कामगाराचा ईएसआय क्रमांक पहिल्या दिवसाच्या गेटपासवर छापलेला हवा, आणि बोट तुटल्याची खबर बोल्ट नापास झाल्याच्या खबरेइतक्याच तातडीने आमच्याकडे यायला हवी. आणि त्याचा जो काही खर्च येईल, तो तुकड्याच्या दरात धरावा, कॉस्ट-डाउनमधून वळता करू नये. ऑडिटला माणसे तर जातातच. त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर या तीन ओळी वाढवायला कोणत्याही विधानसभेची परवानगी लागत नाही, आणि त्या वाढवल्या नाहीत तर का वाढवल्या नाहीत, हे त्या कंपन्यांना भागधारकांच्या सभेत, वर्तमानपत्रांतून आणि गेटवरही विचारले गेले पाहिजे.