वेगाची किंमत कोणी चुकवायची?

फ्रान्समधील ल मां येथे ११ जून १९५५ रोजी मोटारशर्यतींच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात घडला. माइक हॉथॉर्नने थांब्याकडे वळण्यासाठी आपल्या जॅग्वारचा वेग एकाएकी कमी केला. मागून येणाऱ्या लान्स मॅक्लिनने आपली ऑस्टिन-हीली बाजूस काढली. आणि पिएर लवेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून उडाली. तिचे अवजड भाग प्रेक्षकांच्या गर्दीत घुसले. लवेगसह ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. शर्यत मात्र थांबली नाही.

तेव्हापासून मोटारींचे शौकीन एकच वाद घालीत आले आहेत : चूक हॉथॉर्नची की मॅक्लिनची? जॅग्वारचे डिस्क ब्रेक गाडी झटकन आवरीत. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते आणि त्यांच्या जोडीला चालकामागे उभारली जाणारी, हवा अडवणारी फळी. तिचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. वजनाला हलके, पण पेटल्यावर पाण्याने अधिकच भडकणारे. या तपशिलांत रस वाटणे गैर नाही. यंत्रात माणसाची बुद्धी आणि श्रम साठलेले असतात. परंतु अपराधी शोधायचा तो चालकांतच, ही रीत कामगार चळवळीच्या चांगलीच परिचयाची आहे. गिरणीत बोटे तुटली की कामगार बेसावध. आगगाडी घसरली की ड्रायव्हर दोषी!

फ्रान्समधील अधिकृत चौकशीने चालकांना दोषी धरले नाही. दोष मार्गाच्या रचनेचा होता. तो आखला गेला कितीतरी संथ गाड्यांच्या काळात. थांब्यांसमोरचा रस्ता अरुंद, थांबे आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत नाही, प्रेक्षकांपुढे केवळ मातीचा बांध. वेग वाढविण्यासाठी पैसा होता. बांध उंच करण्यासाठी तो ८० प्रेतांनंतर निघाला.

पुढे वायुगतिशास्त्र प्रगत झाले म्हणून हा प्रश्न सुटला काय? १९९९ साली त्याच ल मां येथे मर्सिडीजची सीएलआर गाडी सरावात एकदा, शर्यतीच्या सकाळी पुन्हा एकदा हवेत उलटली. पुढच्या गाडीच्या पाठोपाठ धावताना तिच्या नाकावरचा हवेचा दाब घटे आणि खालून शिरणारी हवा तिला उचली. दोनदा इशारा मिळूनही किरकोळ डागडुजी करून उरलेल्या गाड्या शर्यतीत उतरविल्या गेल्या. पीटर डम्ब्रेकची गाडी उडून कठड्यापलीकडे झाडीत पडली. तो वाचला, पण नशिबाला सुरक्षाव्यवस्था म्हणता येत नाही.

मग सुधारणा घडली कशी? १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्ट्युअर्ट मोडक्या गाडीत पेट्रोलने भिजून अडकून पडला. त्याला सोडविले ते सहकारी चालकांनी. त्यानंतर कठडे, पट्टे आणि वैद्यकीय मदत यांसाठी त्याने आग्रह धरला, तेव्हा त्याला भित्रा म्हणून हिणविण्यात आले. तरीही चालक संघटित राहिले. १९६९ साली त्यांच्या नकारामुळे स्पाची ग्रां प्री झाली नाही. १९७० साली न्युर्बुर्गरिंगची शर्यत हॉकेनहाइमला हलवावी लागली.

संप हे केवळ गिरणी कामगाराचे हत्यार नाही, हे या नामवंत चालकांनी दाखवून दिले. ज्याचा जीव पणाला लागतो त्याला यंत्राच्या रचनेत आणि कामाच्या अटींत बोलण्याचा अधिकार हवा. तो अधिकार मालकाच्या सदिच्छेतून मिळत नाही. एकजुटीने दिलेल्या नकारातून मिळतो.