पंख्याचे खाते वेगळे हवे

घरी विमान बांधणारी माणसे असतात, हे आपल्याकडे पुष्कळांना २०१६ साली कळले. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान त्या वर्षी मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले होते. अमेरिकेत मात्र हा नाद जुना. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीला अशा हौशी मंडळींची संघटना काढली. ऑशकॉशला दरवर्षी त्यांची जत्रा भरते.

मी विमान चालवलेले नाही. पण निवृत्तीनंतर या मंडळींचे अनुभव आवडीने वाचत आलो. त्यात मला सर्वांत खिळवून ठेवणारा विषय म्हणजे रेडिएटरसमोरचा विजेचा पंखा. जोखीम कोठे लपून बसते, हे तो जितके स्वच्छ सांगतो तितके बँकेच्या कोणत्याही मॅन्युअलने मला सांगितले नाही.

बहुतेक छोट्या विमानांची इंजिने वाऱ्यानेच थंड होतात. त्यांना हा पंखा लागत नाही. पण कोणी मोटारीचे इंजिन विमानात बसवले, की पाणी आले आणि रेडिएटर आला. आकाशात वारा फुकट मिळतो. धावपट्टीकडे रांगत जाताना तो मिळत नाही; तेथे पंखा हवा. नेमके तेव्हाच इंजिन मंद फिरत असते आणि वीज तुटपुंजी तयार होते. हलक्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचा अंगचा जनरेटर पूर्ण वेगातही सुमारे २५० वॅटच देतो. १५ अँपिअर घेणारा एक पंखा त्यातले बहुतेक खाऊन टाकील. जमा कमी, खर्च जास्त. तफावत भरायची बॅटरीने. याला आम्ही ओव्हरड्राफ्ट म्हणत असू.

बरे, पंख्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. रिलेत ठिणग्या उडतात. कधी त्याचे संपर्कबिंदू चिकटून बसतात आणि बटण बंद केले तरी पंखा फिरतच राहतो. मोटारीत विजेला परतीची वाट लोखंडी सांगाड्यातून मिळते. फायबरग्लासच्या विमानात तशी वाट नाही. परतीची तार वेगळी ओढावी लागते. हीच तार पंखा आणि तापमानाचा सेन्सर यांच्यात वाटून घेतली, तर पंखा सुरू होताच काटा हलतो. पाणी मात्र होते तेवढेच गरम असते. खोटा ताळेबंद म्हणतात तो हाच.

यावर ‘फ्यूज आहे ना!’ असे उत्तर मिळते. फ्यूज तारेला वाचवतो, पंख्याला नव्हे आणि वैमानिकाला तर नव्हेच. खरा प्रश्न असा, की पंखा बिघडला तर त्याच्याबरोबर आणखी काय बंद पडते? मोटारीच्या इंजिनाचे इग्निशन आणि पेट्रोलचा पंप विजेवर चालतात. रस्त्यावर वीज गेली तर गाडी कडेला घेता येते. आकाशात ती सोय नाही. म्हणून पंख्याचे खाते इंजिनाच्या खात्यापासून पूर्ण वेगळे हवे. एक बुडाले तरी दुसऱ्याला धक्का लागता कामा नये.

त्याहून महत्त्वाचे आहे ते तपासणीचे. अमेरिकी नियमाप्रमाणे अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे लागते. पुढे तोच बांधणारा रीतसर परवाना घेऊन आपल्या विमानाची वार्षिक तपासणीही करू शकतो. या विश्वासाचे मला कौतुक आहे. पण बँकेत व्हाउचर लिहिणाऱ्याने ते पास करायचे नसते. तो चोर असतो म्हणून नव्हे. आपली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही म्हणून. त्या संघटनेचे अनुभवी सल्लागार बांधकाम चालू असताना विनामोबदला येऊन पाहतात. त्यांना बोलावणे मात्र ऐच्छिक आहे.

सरकारी लाल फीत आली की छंद मरतो, हे मलाही मान्य आहे. तरीही शेजारच्या आसनावर दुसऱ्याला बसवण्यापूर्वी विजेचे सगळे काम तिसऱ्याच्या नजरेखालून जावे, एवढा दंडक बांधणाऱ्यांनी स्वतःच घालून घ्यावा. आपल्याकडे उद्या आणखी गच्च्यांवर विमाने उभी राहिली, तर तेथेही. हौस एकट्याची असू शकते, तपासणी नव्हे.