फूड इंडस्ट्री वाढतेय, पण तुमचे दहा लाख मशीनमध्ये अडकवू नका



"सर, फूड प्रोसेसिंगला खूप स्कोप आहे म्हणतात. दहा लाख आहेत, कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्न या ना त्या शब्दांत सारखा येतो. विचारणारे कधी व्हीआरएस घेतलेले काका असतात, कधी जमीन तारण ठेवायला निघालेला तरुण, कधी बचत गटातल्या ताई. व्हिडिओत दहा मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण आकडे कागदावर मांडल्याशिवाय गोष्ट पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

स्कोप आहे का? आहे, त्याबद्दल माझा वादच नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये अन्नप्रक्रिया उद्योगासाठी १०,९०० कोटींची पीएलआय योजना मंजूर केली. या क्षेत्रात परदेशी कंपन्यांना १०० टक्के गुंतवणूक करायला परवानगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीन, सॉस, पास्ता, नूडल्स, फळांच्या रसाची साधी पेयं अशा कितीतरी पदार्थांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. आणि मोठ्या कंपन्या तर जुने मसालेवाले विकतच घेतायत. आयटीसीने २०२० मध्ये बंगालचा सनराइज घेतला, डाबरने २०२२ मध्ये बादशाह मसाल्याचा ५१ टक्के हिस्सा घ्यायचा करार केला, केरळचा ईस्टर्न नॉर्वेच्या ऑर्क्लाकडे गेला.

आता हीच बातमी जरा उलटी करून वाचा. या कंपन्यांकडे पैसा आहे, माणसं आहेत, मशीन तर हवं तेवढं आहे. तरी त्यांनी नवा मसाला काढायच्या ऐवजी दुसऱ्याचा का घेतला? बादशाह १९५८ सालचा. त्या भागातल्या जिभेला बसलेली चव, दुकानदाराशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार, आणि दर वर्षी मिरची वेगळी आली तरी पाकिटातली चव तीच ठेवायची हातोटी, याची किंमत त्यांनी मोजली. मशीन कोणालाही मिळतं हो. तुम्हालाही मिळेल. म्हणूनच त्यात फारसा नफा उरलेला नाही.

चला, हिशोब करू. समजा, तुम्ही १०० रुपये एमआरपीचं मसाल्याचं पाकीट काढलं. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. १०० मधून ५ टक्के जीएसटी काढला की राहिले ९५ रुपये २४ पैसे. नवा ब्रँड आहे, दुकानदार २० रुपयांशिवाय फळीवर ठेवणार नाही. डिस्ट्रीब्युटरचे ८. तुमच्या हातात आले ६७. कच्चा माल ३५, पाऊच आणि बॉक्स ६, गाडीभाडं ४, "दहावर एक फ्री" ही स्कीम दिली त्याचे ६, आणि मुदत संपून परत आलेला माल, सॅम्पल वगैरे ४. झाले ५५. उरले १२. त्यातून कामगार, लाइट बिल, भाडं आणि बँकेचा हप्ता. तुमचा पगार? तो मी धरलाच नाही अजून.

आणि हे बारा रुपयेसुद्धा आज मिळत नाहीत. लाल मिरचीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. भाव बरा असताना वर्षाची खरेदी करायची तर नंदुरबारच्या किंवा गुंटूरच्या मार्केटात पैसे रोख मोजावे लागतात. विक्री मात्र उधारीवर. महिन्याला दोन लाखांचा माल गेला आणि पैसे ४५ दिवसांनी आले, तर कायम तीन लाख रुपये लोकांच्या गल्ल्यात पडलेले असतात. दहा लाखांतले आठ लाख मशीन आणि शेडमध्ये घालून बसलेला माणूस इथे अडकतो. मशीन चकचकीत, ऑर्डर हातात, आणि मिरची घ्यायला पैसे नाहीत. मग खासगी सावकार, मग सोनं. अशी युनिट्स मी भरपूर पाहिलीत. त्यांच्या मालात खोट नव्हती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. दहा लाख असतील तर पहिल्या दीड-दोन वर्षांत मशीनवर चारच्या वर जाऊ नका. निदान पाच लाख खेळतं भांडवल म्हणून वेगळ्या खात्यात ठेवा. आणि फळीवर विकायच्या आधी स्वयंपाकघरांना विका.

"पण सर, सबसिडी आहे ना मशीनला!" आहे. पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना. २०२० ला आली, एकूण १०,००० कोटींची. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि तुमचा स्वतःचा वाटा निदान १० टक्के. योजना चांगली आहे, मी स्वतः लोकांना पाठवतो. (मुदत वाढत वाढत आलेली योजना आहे, त्यामुळे अर्जाच्या आधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात सध्याची स्थिती विचारा.) पण तिचा एक नियम एजंट लोक सांगत नाहीत. सबसिडी तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहते, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, तुमचं कर्जखातं व्यवस्थित असेल आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळती होते. शिवाय ती खेळत्या भांडवलावर नाही. म्हणजे सरकार मशीन स्वस्त करून देतं, पण तीन वर्षं धंदा जिवंत ठेवायची जबाबदारी तुमचीच. ३५ टक्के मिळतात म्हणून गरजेपेक्षा दुप्पट क्षमतेचं मशीन घेणं म्हणजे फुकटच्या बैलासाठी भाड्याचा गोठा बांधणं.

याच योजनेच्या मार्गदर्शिकेत सरकारने देशातल्या असंघटित अन्नप्रक्रिया युनिटची संख्या सुमारे २५ लाख धरली आहे. त्यातली ६६ टक्के ग्रामीण भागात, आणि ८० टक्क्यांच्या आसपास घरच्या घरी चालणारी. मला हा आकडा घाबरवणारा वाटत नाही. त्याचा अर्थ असा की गावोगाव कांडप, पिठाची गिरणी, डाळ मिल, ड्रायर आधीच पडून आहेत, आणि बरेचसे दिवसातून तीन-चार तासच चालतात. ते भाड्याने वापरा! जॉबवर्क द्या. कृषी विद्यापीठांमध्येही अशी सामायिक प्रक्रिया केंद्रं उभी राहिली आहेत, भाडं देऊन तिथे ट्रायल घेता येते. तुमची रेसिपी, तुमचा कच्चा माल, दुसऱ्याचं मशीन. सहा महिने माल विकला गेला की मग मशीनचं बघू.

आता स्वयंपाकघरांना विका म्हणजे काय? तुमच्या शहरात मेस आहेत, केटरर आहेत, हॉटेलं, हॉस्टेलं, क्लाउड किचन आहेत. यांना छान डिझाइनचं पाकीट नको असतं. त्यांचा आचारी दर दोन-तीन महिन्यांनी सोडून जातो आणि चव बदलते, ही त्यांची डोकेदुखी. त्यांना सोललेला लसूण, आलं-लसणाची पेस्ट, तळलेला कांदा, ग्रेव्हीचा बेस, इडलीचं पीठ, ठरलेल्या चवीचा पाच किलोचा मसाला, हे रोज सकाळी वेळेवर हवं असतं. पंधरा गिऱ्हाइकं, प्रत्येकी महिन्याला ४० किलो मसाला, म्हणजे ६०० किलो. माल, दळाई, पिशवी, पोचवणं सगळं जाऊन किलोमागे ३० ते ३५ रुपये सुटले तर १८ ते २१ हजार होतात. फार नाहीत, कबूल. पण हे मशीन न घेता, एमआरपी न छापता, स्कीम न देता आलेले पैसे आहेत. आणि एका हॉटेलवाल्याचं काम नीट झालं की तोच दुसऱ्याचा नंबर देतो.

इथे उधारीचा एकच नियम ठेवा: बिल टू बिल. आधीचं बिल मिटलं की पुढची डिलिव्हरी. मोठा खरेदीदार असेल तर आधी उद्यम नोंदणी करा आणि तो नंबर बिलावर छापा. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे की वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. त्यांच्या सीएला हे बरोबर माहीत असतं, तुम्ही फक्त आठवण करून द्यायची. शांतपणे.

पेयांचा विषय निघालाच आहे म्हणून. दहा रुपयांच्या बाटलीतलं थंड पेय काढायचं डोक्यात असेल तर माझं ऐका, नको. रिलायन्सने कॅम्पा विकत घेऊन २०२३ मध्ये पुन्हा आणलं ते दहा रुपयांच्या बाटलीने, आणि समोर कोक-पेप्सी आहेतच. त्यात गॅसवाल्या गोड पेयांवर आता ४० टक्के जीएसटी. ही हत्तींची झुंज आहे, आपण बांधावर उभं राहू. त्यापेक्षा कोकम बघा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय मानांकन आहे. पण त्यातही सोलकढी बाटलीत घालून विकायची म्हटली की नारळाचं दूध आलं, म्हणजे फ्रीज आला, गाडी थंड ठेवणं आलं आणि दोन दिवसांत खराब व्हायची भीती आली. अमृत कोकम मात्र साखरेच्या जोरावर महिनोन्‌महिने टिकतं. एकाच फळाचे दोन पदार्थ, धंदे पूर्ण वेगळे. कोणताही पदार्थ निवडताना "चव कशी आहे" याच्या आधी "किती दिवस टिकतो" हे विचारा, आणि उत्तर शेजारणीकडून नको, प्रयोगशाळेकडून घ्या. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून टिकवण क्षमतेची चाचणी करून घ्या. म्हैसूरची सीएफटीआरआय ही सरकारी संस्था तर तयार तंत्रज्ञानही फी घेऊन देते. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना पहिल्या किलोपासून लागतो, घरून विकलं तरी.

चहाची फ्रँचायझी? हिशोब स्वतःच करा. दहाचा कप, दूध-साखर-पावडर-गॅस-कप मिळून साडेपाच, उरले साडेचार. भाडं, दोन पोरं, लाइट, रॉयल्टी, हप्ता मिळून महिन्याला ७५ हजार धरले तर रोज साधारण ५५५ कप विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. ज्या चौकात दुकान घेणार आहात तिथल्या आताच्या टपरीवर एक पूर्ण दिवस बसून कप मोजा. ज्यांना धंदाच करायचा नाही, फक्त या क्षेत्राच्या वाढीत पैसा लावायचाय, त्यांनी शेअर किंवा फंडाचं नोंदणीकृत सल्लागाराला विचारावं. तो माझा विषय नाही.

आणि सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते आता. "मशीन आमचं, कच्चा माल आमचा, तयार पापड आम्हीच घेणार." बायबॅक. पहिला लॉट उचलतात, पैसेही देतात. दुसऱ्या लॉटला क्वालिटी नापास होते, तिसऱ्याला फोन लागत नाही. पापडाचंच उदाहरण घ्या ना. लिज्जत १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. आजही पीठ एका ठिकाणी मळलं जातं आणि भगिनी घरी नेऊन हाताने लाटतात. एवढी मोठी संस्था उभी राहिली ती पिठाच्या दर्जावर आणि रोजच्या रोज माल तपासून घेण्यावर. मशीन विकणाऱ्याला जर पापडाचं खात्रीचं गिऱ्हाईक माहीत असेल, तर त्याने मशीन तुम्हाला का विकलं असतं?

आधीच बुकिंग केलं असेल तर घाबरू नका, पण बाकीची रक्कम देण्याआधी तीन गोष्टी करा. दोन वर्षांपूर्वी तेच मशीन घेतलेल्या तीन जणांचे पत्ते मागा आणि न सांगता जाऊन भेटा. तुमचा स्वतःचा कच्चा माल घेऊन जा, पूर्ण आठ तास मशीन चालवून दाखवायला सांगा आणि निघालेला माल वजन करून लिहून घ्या. बायबॅकचा करार स्टॅम्प पेपरवर मागा, त्यात दर, दर्जा कोण आणि कसा तपासणार, आणि माल नाकारला तर काय, हे लिहिलेलं हवं. करार वकिलाला दाखवायचे हजार-दोन हजार जातील, जाऊ द्या. यातल्या एकालाही नकार आला तर अ‍ॅडव्हान्स लेखी पत्र देऊन परत मागा. पत्राचा नमुना पुढच्या व्हिडिओच्या खाली देतो.